हे कॉलेज आहे की शाळा? पालकसभेतल्या एका प्रश्नाचा इतिहास

मागच्या जुलैत मी पहिल्यांदा पालकसभेला पालक म्हणून बसले. मामेभाऊ ओमला मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला होता. मामा बेस्टमध्ये, त्याची दुपारची ड्युटी. मामीला रजा मिळेना. "तुझं सगळं आयुष्य कॉलेजातच चाललंय, तूच जा," असं म्हणत मामाने सूचनापत्र माझ्या हातात ठेवलं. एम.एस्सी. होऊन इतकी वर्षं झाली तरी पीएच.डी. चालूच असलेल्या माणसाशी नातेवाईक असंच बोलतात. आता सवय झाली आहे.

तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग. उपप्राचार्या मॅडमनी दीड तासात वर्षभराचं सगळं सांगितलं. हजेरी ७५ टक्के, थिअरीची आणि प्रॅक्टिकलची वेगवेगळी मोजणार. पहिली घटक चाचणी २५ गुणांची, प्रथम सत्र ५०, दुसरी घटक चाचणी २५, वार्षिक १००; या २०० ची बेरीज करून तिचे निम्मे गुण निकालात. जर्नलवर वेळच्या वेळी सही घ्यायची, नाहीतर वार्षिक प्रॅक्टिकलला बसू देणार नाही. आजारपणाचं सर्टिफिकेट आठवड्याच्या आत, डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर आणलेलं चालणार नाही. ओळखपत्र गळ्यात, मोबाइल बॅगेत. एनएसएस आहे, एनसीसी आहे, एकांकिका आहेत, डिसेंबरात फेस्टिव्हल आहे. पण आधी परवानगी घेतली असेल तरच त्याची हजेरी धरणार. शेवटी एक हमीपत्र वाटलं. त्यावर विद्यार्थ्याची आणि पालकाची सही.

मग प्रश्नोत्तरं. पुढच्या रांगेतल्या एका बाबांनी विचारलं, "मॅडम, क्लासची बॅच दोन वाजता आणि तुमचं प्रॅक्टिकलही दोन वाजता. पोराने करायचं काय?" मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या वेळेत कॉलेज. तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. बराच वेळ चुळबुळ करत होते. "मॅडम, एकदाच सांगा, हे कॉलेज आहे की शाळा? कॉलेज असेल तर आम्हाला कशाला बोलावलं? आणि शाळा असेल तर मुलगा दुपारभर कुठे होता हे तुम्हाला का माहीत नसतं?"

हॉलमध्ये हशा पिकला. मॅडमही हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. मी मात्र तो प्रश्न हमीपत्राच्या मागे लिहून घेतला. माझा शोधविषय महाराष्ट्रातल्या अकरावी-बारावीच्या विज्ञानशिक्षणाचा इतिहास हा आहे, आणि प्रस्तावनेची चार पानं खर्चून मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते या गृहस्थांनी उभ्या उभ्या विचारलं होतं.

तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय आणि "संशोधनाचा प्रश्न शोधायचा कसा" असं मला विचारत असता. आज एक करून बघू. हाच प्रश्न घेऊ आणि त्याला तारखा लावत मागे जाऊ.

सुरुवात मुंबई विद्यापीठापासून, म्हणजे १८५७ पासून. विद्यापीठाची मॅट्रिक ही खरं तर शाळेची शेवटची परीक्षा नव्हतीच, ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती. शाळा कुठे संपते हे विद्यापीठ ठरवत होतं. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास शालान्त परीक्षा वेगळ्या मंडळाकडे गेली, मॅट्रिकची एसएससी झाली, पण रचना तशीच राहिली. अकरा वर्षं शाळा. मग मुंबईत कॉलेजची चार वर्षं: एफवाय, इंटर, ज्युनिअर, सीनिअर. यातली इंटर सायन्स ही सगळ्यात धास्तीची परीक्षा, कारण मेडिकल आणि इंजिनिअरिंगचं दार तिथे उघडायचं. बारावीची धास्ती नवी नाही. ती इंटरकडून वारशाने आलेली आहे.

ही सीमारेषा चुकीच्या जागी आहे असं म्हणणारेही जुनेच. १९१७ ते १९१९ च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, ज्याला आपण सॅडलर आयोग म्हणतो, शाळा आणि विद्यापीठ यांच्यातली रेघ मॅट्रिकनंतर नको, इंटरनंतर हवी असं सांगितलं होतं. कारण साधं होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला शंभर-दीडशेच्या वर्गात बसवून लेक्चर द्यायचं हे त्याच्या वयाला मानवत नाही. त्याला अजून शिक्षकाची गरज आहे. उत्तर प्रदेशात १९२१ मध्ये हायस्कूल आणि इंटरमिजिएटचं वेगळं मंडळ आलं, आणि आजही तिकडे बारावीपर्यंतच्या शाळेला 'इंटर कॉलेज' म्हणतात. नाव कॉलेजचं, पण आत सरळसरळ शाळा. मुंबईत मात्र इंटर विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या ताब्यात राहिलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने इंटर मोडून एक वर्ष शाळेला आणि एक पदवीला द्या म्हटलं, तरी आपल्याकडे हललं नाही.

मग आला कोठारी आयोग. अहवाल १९६६ चा, नाव 'शिक्षण आणि राष्ट्रीय विकास'. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी जोडलेले. १०+२+३ हा आकृतिबंध आपण याच अहवालाच्या नावावर जमा करतो. पण अहवालातली एक गोष्ट आपण विसरतो, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. आयोगाला दहावीनंतरची दोन वर्षं शाळेत हवी होती. कॉलेजांतला पूर्व-विद्यापीठ वर्ग १९७५-७६ पर्यंत माध्यमिक शाळांकडे सोपवावा आणि १९८५-८६ पर्यंत तो दोन वर्षांचा करावा, असा त्यांचा कार्यक्रम होता. म्हणजे कॉलेजची खालची पायरी शाळेत आणायची. शिवाय दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत, अशी अपेक्षा.

महाराष्ट्राने नवा आकृतिबंध घेतला. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची बॅचही बसली. पहिली बारावी १९७७ ची. आता कागद घ्या आणि एक ते पंधरा आकडे ओळीने लिहा. जुन्या पद्धतीत पहिली ते अकरावी शाळा, बारावं ते पंधरावं वर्ष कॉलेज. नव्या पद्धतीत पहिली ते दहावी शाळा, तेरावं ते पंधरावं वर्ष पदवी. दोन्हीकडे पंधराव्या वर्षी पदवी. एकूण वर्षं तीच, बदलली ती मधली रेघ. अकरावं आणि बारावं वर्ष मात्र मधे लोंबकळत राहिलं.

ही दोन वर्षं कुठे ठेवायची? राज्याने शाळांनाही उच्च माध्यमिक वर्ग जोडू दिले आणि पदवी कॉलेजांनाही. मुंबईच्या उपनगरांत पारडं कॉलेजांकडे झुकलं, आणि ते का, हे समजायला कॉलेजच्या बाजूने हिशेब करून बघा. कॉलेजकडे आधी चार वर्ग होते. पदवी तीन वर्षांची झाल्यावर एक वर्ग गेला. एफवाय आणि इंटर शिकवणारे प्राध्यापक, त्यांच्यासाठी बांधलेल्या प्रयोगशाळा, त्यांच्या फीवर चालणारे खर्च, यांचं काय करणार? अकरावी-बारावी कॉलेजातच राहिली तर चाराचे तीन न होता चाराचे पाच होतात.

उपनगरांचा भूगोलही इथे महत्त्वाचा. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. त्याआधी पार्ल्या-अंधेरीच्या मुलाने कॉलेजला जायचं म्हणजे लोकल पकडून मरीन लाइन्स नाहीतर माटुंगा गाठायचं. अंधेरीचं भवन्स १९४६ चं. पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनने १९२१ मध्ये शाळा काढली आणि कॉलेज थेट १९५९ मध्ये, आजचं साठ्ये. मिठीबाई १९६१, घाटकोपरचं झुनझुनवाला १९६३, मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स १९७०. म्हणजे १९७५ येईपर्यंत उपनगरांत कॉलेजं उभी होती, नवी होती, आणि सायन्स कॉलेजांत गॅसची जोडणी असलेली टेबलंही होती. उलट शाळा बघा. सकाळ-दुपार दोन अधिवेशनांत भरणाऱ्या, एकाच वर्गखोलीत सातवी आणि दहावी आलटून पालटून बसवणाऱ्या शाळेने फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या तीन प्रयोगशाळा कुठे काढायच्या? कोणी डाव रचला असं मला म्हणायचं नाही. जागा जिथे होती तिथे वर्ग गेले.

पण परिणाम बघा. कोठारी आयोगाला कॉलेजचा वर्ग खाली शाळेत आणायचा होता. आपल्याकडे शाळेचा शेवटचा वर्ग उचलून वर कॉलेजात नेला गेला. प्रकरणाच्या टाचणात मी हे वाक्य दोनदा अधोरेखित केलं आहे.

माझे थोरले काका १९७५ च्या त्या शेवटच्या जुन्या अकरावीचे. घाटकोपरच्या चाळीत राहायचे. अकरावीत असताना ते शाळेच्या गणवेशात होते, वर्गशिक्षकांना त्यांचे वडील कुठे कामाला आहेत ते ठाऊक होतं, आणि प्रगतिपुस्तकावर आजोबांची सही लागायची. त्यांच्याच मजल्यावरचा, त्यांच्यापेक्षा वर्षाने लहान मुलगा त्याच उन्हाळ्यात नवी दहावी पास झाला आणि अकरावीला बेलबॉटम घालून कॉलेजात गेला. दोघंही अकरावीत शिकले, जवळजवळ एकाच वयाला. एकाच्या आजूबाजूला शाळा होती, दुसऱ्याच्या नव्हती.

काका हे सांगताना शेवटी म्हणतात, "आमच्या वेळी पालकसभा वगैरे नव्हती, तरी आम्ही शिकलोच ना." इथे सावध व्हायचं. मौखिक इतिहास घेताना असं वाक्य हमखास येतं आणि आपल्याला आवडतं, म्हणून ते जसंच्या तसं प्रबंधात जातं. काकांच्या वर्गातल्या किती जणांनी अकरावीनंतर कॉलेज पाहिलं, हा पुढचा प्रश्न लगेच विचारायचा. मी विचारला. बोटांवर मोजून झाल्यावर काका गप्प झाले. जे गळले ते आठवणी सांगायला आपल्यासमोर बसलेले नसतात.

नाव 'ज्युनिअर कॉलेज' पडलं, इमारत कॉलेजची, शिकवण्याची पद्धत लेक्चरची. कायद्याने मात्र ती शाळाच. अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा राज्य मंडळाकडे. १९७७ मध्ये मंडळाच्या नावातच 'उच्च माध्यमिक' हे शब्द आले. देखरेख शिक्षण उपसंचालकांची. शिक्षकांच्या सेवाशर्ती १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाखाली आणि १९८१ च्या नियमावलीखाली, म्हणजे पाचवीला शिकवणाऱ्या बाईंना जो कायदा तोच बारावीला कॅल्क्युलस शिकवणाऱ्या सरांना. त्याच जिन्याने वर गेलं की पदवीचे प्राध्यापक, त्यांचं विद्यापीठ वेगळं, वेतनश्रेणी वेगळी, कित्येक ठिकाणी स्टाफरूमही वेगळी. एका छपराखाली दोन संस्था. मुलाला त्यातलं फक्त वरचं वातावरण दिसतं: गणवेश नाही, घंटा झाली तरी कोणी हटकत नाही, कट्टा आहे, कँटीन आहे. दहावीपर्यंत प्रत्येक पानावर सही करणारा पालक गेटच्या बाहेर राहतो. त्याच्यासाठी या नव्या घरात कुठलीच जागा काढलेली नव्हती.

आता गंमत अशी की पालकाला बाहेर ठेवणाऱ्या या दोन वर्षांचं वजन पुढे वाढतच गेलं. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. इंजिनिअर होणं मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं आणि बारावीचा पीसीएम ग्रुप हा घरातल्या चर्चेचा विषय झाला. व्यवसाय शिक्षणाची कोठारींची कल्पना 'बायफोकल'च्या रूपात आली. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्सचे २०० गुण. मुलांनी तिचा उपयोग हात कामाला लावण्यापेक्षा गुण वाढवण्यासाठी जास्त केला, असं माझं मत आहे. मुलांना दोष देत नाही. जिथे अर्ध्या गुणावर प्रवेश ठरतो तिथे कोणीही तेच करेल. मग शतक पालटण्याच्या सुमारास राज्याची सीईटी आली, नंतर जेईई मेन, नीट. बारावीच्या गुणांची जागा प्रवेशपरीक्षेच्या गुणांनी घेतली. मुलाचं भवितव्य ठरवणारी परीक्षा एकीकडे आणि हजेरी घेणारं कॉलेज दुसरीकडे, अशी फाळणी झाली.

त्या फाळणीतून 'इंटिग्रेटेड' निघालं. प्रवेश कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये, दोघांचा आपसात करार. कॉलेजच्या बाकांवर फक्त नावं. दिल्ली-कोट्याकडे यालाच 'डमी स्कूल' म्हणतात. जून २०१८ मध्ये राज्य सरकारने यावर जीआर काढला आणि मुंबई महानगर क्षेत्रासह मोठ्या शहरांतल्या ज्युनिअर कॉलेजांत विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. हा जीआर मी सेमिनारमध्ये नेहमी दाखवते. एखाद्या सरकारला मुलं वर्गात बसतात की नाही हे तपासायला बोटांचे ठसे मागावे लागतात, तेव्हा त्या कागदात वर्गाची जी हकीगत कळते ती वार्षिक अहवालात कळत नाही.

मी यावर तटस्थपणे लिहू शकत नाही, म्हणून सरळ सांगते. मी २०१५ ची बारावी, इंटिग्रेटेड बॅचची. कॉलेजचं नाव सांगण्यात अर्थ नाही. आमचे वर्षभराचे केमिस्ट्रीचे प्रयोग जानेवारीत चार दिवसांत उरकले. जर्नल एका सीनिअरच्या जर्नलवरून उतरवलं, निरीक्षणांसकट, त्याच्या चुकांसकट. परीक्षेत गुण उत्तम मिळाले. मग एफवाय बी.एस्सी.ला पहिल्यांदा खरोखर पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन हातात आलं. परमँगनेट इतकं गडद असतं की ब्युरेटमध्ये खालचा वक्र दिसत नाही, वरची कड वाचायची असते. हे मला माहीत नव्हतं. मी अंदाजाने वाचत होते आणि उत्तर दर वेळी वेगळं येत होतं. शेजारी जिल्ह्याच्या गावातून आलेली मुलगी होती, बारावीला माझ्यापेक्षा वीस टक्के कमी. तिने न बोलता ब्युरेटच्या मागे पांढरा कागद धरला आणि बोटाने कड दाखवली. मी संशोधनासाठी रसायनशास्त्रातून विज्ञानशिक्षणाच्या इतिहासाकडे का आले, असं इंटरव्ह्यूत विचारतात तेव्हा मी दुसरं काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं उत्तर हे आहे.

इथे एक मेथडची गोष्ट. "प्रवेशपरीक्षांमुळे कॉलेज रिकामं झालं" हे कारण सोपं वाटतं म्हणून लगेच मान्य करू नका. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते काढलं. वजन असण्या-नसण्यावरच सगळं ठरत असतं तर माझ्या बॅचने कॉलेजात बसायला हवं होतं. आम्ही बसलो नाही. म्हणजे कारण आणखी खाली आहे. माझ्या मते ते १९७५ मध्ये आहे. शाळेत वर्गशिक्षक असतो आणि मूल तीन दिवस आलं नाही की घरी चौकशी जाते. कॉलेजच्या वर्गात ती यंत्रणा आधीपासूनच नव्हती. रिकाम्या जागेत क्लास शिरला. क्लासने तर ती यंत्रणा जशीच्या तशी उभी केली: दर रविवारी टेस्ट, त्याच संध्याकाळी पालकांना मेसेज, महिन्याला भेट. पालकाला जिथे विचारतात तिथे तो पैसे भरतो. यात मला नवल वाटत नाही.

आणि पालक या काळात नुसता गेटबाहेर उभाही नव्हता. २००८ मध्ये वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करायला सरकारने पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलं. २००९ मध्ये एसएससीच्या मुलांना ९० टक्के जागा देणारा निर्णय आला, तोही रद्द झाला. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' उच्च न्यायालयात हरलं आणि सर्वोच्च न्यायालयात टिकलं. तीन वर्षं ओळीने अकरावीचा प्रवेश कोर्टात, आणि कोर्टात जाणाऱ्यांत पालक पुढे. म्हणजे पालक या कथेत आला तो आधी याचिकाकर्ता म्हणून. दरम्यान २००९ पासून मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. फॉर्मसाठी पहाटेपासून कॉलेजच्या गेटवर उभं राहणं सुटलं, ही चांगलीच गोष्ट. पण त्या रांगेत का होईना, पालक एकदा कॉलेज पाहायचा, शिपायाशी बोलायचा, लॅब कुठे आहे ते विचारायचा. आता बोरिवलीच्या मुलाला यादीत अंधेरीचं कॉलेज लागतं, कागदपत्रं मोबाइलवरून जातात, आणि आईबाप त्या इमारतीत पहिल्यांदा पाऊल ठेवतात ते पालकसभेलाच. २०२५ पासून ही पद्धत सगळ्या राज्याला लागू झाली आहे.

आता ते हमीपत्र पुन्हा हातात घ्या. संशोधनात असा कागद आपण सहसा फेकून देतो, आणि तिथेच चुकतो. कागदावर ९ कलमं होती. प्रत्येक कलम वाचताना विचारायचं: हे लिहून का घ्यावं लागलं? "मी दुसऱ्या संस्थेत कॉलेजच्या वेळेत शिकवणीस जाणार नाही." "जर्नल मी स्वतः लिहीन." "पाल्याच्या अनुपस्थितीची माहिती मिळाल्यावर मी सात दिवसांत भेटेन." जो नियम वर्षानुवर्षं सांगावा लागतो, तो मोडला जात असल्याचा तो पुरावा असतो, जुन्या फर्मानांबाबत इतिहासकार हे करतातच, आपण ते एका झेरॉक्सबाबत करायचं. आणि कलमं नीट बघितली तर दिसतं की ही सगळी शाळेची कामं आहेत. दैनंदिनी, गैरहजेरीची चिठ्ठी, प्रगतिपुस्तकावरची सही. शाळेच्या इमारतीतून वर नेताना जे सामान मागे राहिलं होतं, ते पन्नास वर्षांनी तुकड्यातुकड्याने वर आणलं जातंय. मागच्या रांगेतले ते गृहस्थ त्यातली विसंगती अचूक बोलले. तरीही कॉलेजने बोलावलं हे बरोबरच केलं असं मला वाटतं. ओम पंधरा वर्षं दहा महिन्यांचा आहे.

हाच गुंता इतरत्र कसा सुटला किंवा सुटला नाही, हे तुलनेसाठी बघायला हवं. कर्नाटकात पीयू कॉलेजं वेगळ्या खात्याकडे गेली. केरळात प्री-डिग्री कॉलेजांतून काढण्याच्या प्रस्तावावर १९८६ मध्ये मोठं आंदोलन पेटलं आणि शेवटी २००० च्या आसपास तो वर्ग पूर्णपणे शाळांत गेला; तिथली अकरावी-बारावी आज गणवेश घालते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नववी ते बारावी हा एकच टप्पा धरला आहे. म्हणजे कागदावर तरी कोठारींची रेघ परत आली. आपल्याकडे ती इमारतींवर कशी ओढणार, अनुदानित तुकड्या आणि शिक्षक कुठे जाणार, यावर काम करायला कोणी तयार असेल तर प्रबंधाचा विषय तयार आहे, घ्या.

साधनं कुठे शोधायची तेही सांगते. जीआर मिळतात, कोर्टाचे निकाल मिळतात. मंडळाचं 'शिक्षण संक्रमण' हे मासिक आहे, त्याचे जुने अंक चाळा. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात एक दिवस बसा. खरी अडचण कॉलेजांच्या माहितीपुस्तिकांची आहे. प्रॉस्पेक्टस कोणी जपत नाही. १९७५ ते १९९० मधली अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या कुठल्याही ज्युनिअर कॉलेजची प्रॉस्पेक्टस तुमच्या घरच्या माळ्यावर असेल तर मला फोटो पाठवा. मला त्यात एकच गोष्ट बघायची आहे, पालकाच्या सहीची रेघ कुठल्या वर्षी पहिल्यांदा छापली गेली.

त्या रात्री मामा साडेदहाला ड्युटीवरून आला. मी सगळं समजावून सांगितलं, १९७५ वगळून. त्याने शांतपणे ऐकलं, हमीपत्रातलं शिकवणीचं कलम दोनदा वाचलं आणि विचारलं, "यावर सही केली तर क्लासवाले भरलेले पैसे परत देतील का?" पहिला हप्ता मे महिन्यातच गेला होता, मामीची भिशी मोडून. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी ड्युटीआधी तो स्वतः क्लासमध्ये गेला. पैसे परत मिळाले नाहीत, बॅच बदलून मिळाली. ओम आता संध्याकाळी साडेसहाला जातो आणि साडेनऊला घरी येतो, जेवताना पेंगतो. व्हर्निअर कॅलिपरचं त्याचं पहिलं निरीक्षण चुकलं होतं; शून्य त्रुटी वजा करायच्या ऐवजी मिळवली होती. सरांनी लाल शाईने खोडून परत करायला लावलं. पुढची पालकसभा डिसेंबरात आहे. मामाने त्या दिवसासाठी ड्युटी बदलून मागितली आहे.